बारा डोकी, एक निकाल

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाच्या टपालपेटीत एखाद्या दिवशी कोर्टाचे समन्स येऊन पडते आणि 'ज्यूरी ड्युटी' हा शब्द घरात शिरतो. ज्यूरी म्हणजे खटला ऐकून निकालाचा कौल देणारा सामान्य नागरिकांचा गट, आणि त्यातला प्रत्येकजण ज्यूरर. मतदारयाद्या, वाहन परवान्यांच्या याद्या अशा ठिकाणांहून चिठ्ठी काढावी तसे नाव निघालेले असते. आरोपी कोण, गुन्हा कोणता, याचा पत्ता नसतो, पण हजर राहणे मात्र कायद्याने बंधनकारक असते. फेडरल म्हणजे केंद्रीय कोर्टात या कामाचे दिवसाला ५० डॉलर मिळतात. बरेच जण दिवसभर मोठ्या खोलीत ताटकळतात आणि निवड न होताच घरी परततात. ज्यांची निवड होते त्यांच्यावर एक चमत्कारिक बंधन येते: खटला संपेपर्यंत त्याविषयी कोणाशीही, अगदी घरच्या माणसांशीही, बोलायचे नाही; शेवटच्या चर्चेची वेळ येईपर्यंत शेजारच्या खुर्चीवरील ज्यूररशीही नाही. डोक्यात एकच विषय घोळत असलेली अनोळखी माणसे जेवणाच्या सुट्टीत हवापाण्याच्या गप्पा मारत बसतात.

कोर्टात पुरावा सलग कथेसारखा येत नाही. शवविच्छेदन करणारा डॉक्टर आधी येतो, भांडण पाहणारा शेजारी तिसऱ्या दिवशी येतो आणि हत्यार कोठून आले हे त्याहून उशिरा कळते. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की ज्यूरर हे तुकडे तराजूत टाकून मोजत बसत नाही, तर त्यांची गोष्ट रचतो आणि जी गोष्ट नीट जुळते तिच्या बाजूने कौल देतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एकाच खुनाच्या खटल्यातील तोच पुरावा वेगवेगळ्या क्रमाने ऐकवण्यात आला. सरकारपक्षाचा पुरावा घटनाक्रमाने आणि बचावाचा विस्कळीत असताना ७८ टक्के लोकांनी आरोपीला दोषी ठरवले; क्रमांची अदलाबदल करताच हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. पुराव्यात एका अक्षराचाही बदल नव्हता.

मध्येच एखादा साक्षीदार बोलू नये ते बोलून जातो आणि न्यायाधीश ते वाक्य विचारात घेऊ नका, असे बजावतात. औषध घेताना माकडाची आठवण येऊ देऊ नका, अशी अट घालणाऱ्या वैद्याची गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये हेच पांढऱ्या अस्वलाबाबत प्रयोगाने तपासले. अस्वल मनात आणू नका असे सांगितलेल्यांच्या मनात ते पुन्हा पुन्हा येतच राहिले, कारण एखादी गोष्ट टाळायची तर ती आली का, यावर मनाला पहारा ठेवावा लागतो.

मग दार बंद होते आणि बारा जण टेबलाभोवती बसतात. या खोलीत काय घडते ते शास्त्रज्ञांना थेट पाहता येत नाही. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५४ मध्ये कॅन्ससमधील विचिटा येथे, न्यायाधीशांच्या परवानगीने पण ज्यूररांना न कळवता, काही दिवाणी खटल्यांतील चर्चा ध्वनिमुद्रित केली. ती बातमी फुटली, मोठा गदारोळ झाला आणि १९५६ मध्ये फेडरल ज्यूरीचे असे ध्वनिमुद्रण हा गुन्हा ठरला. त्यामुळे ज्यूररांना नंतर गाठून विचारणे किंवा लुटुपुटूच्या ज्यूरी भरवणे, एवढेच मार्ग उरले. तरीही बरेच हाती लागले. टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस ज्यूरीचा प्रमुख निवडला जाण्याची शक्यता इतरांहून जास्त असते. कॅल्व्हन आणि झायझेल या ज्यूरीच्या अभ्यासकांना आढळले की पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत असते तीच बाजू दहापैकी सुमारे नऊ खटल्यांत शेवटी जिंकते. मग बारा जणांचा उपयोग काय?

याचे गणिती उत्तर कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने १७८५ मध्येच देऊन ठेवले आहे. प्रत्येक ज्यूरर दहापैकी सहा वेळा बरोबर ठरतो असे धरले, तर नऊ जणांचे बहुमत शंभरपैकी सुमारे ७३ वेळा बरोबर ठरते. अट एवढीच की प्रत्येकाने आपले मत स्वतंत्रपणे बनवलेले असावे. नऊही मते एकाच साच्यातून निघाली, तर ती नऊ माणसे म्हणजे एकच माणूस होय. आणि प्रत्येकजण दहापैकी चारच वेळा बरोबर ठरत असेल, तर हेच गणित उलटे फिरते आणि बहुमत शंभरपैकी जेमतेम २७ वेळा बरोबर येते.

स्वतंत्र मताची अट मोडली की काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. जुलै १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. 'केसरी'तील मराठी लेख त्यांच्यापुढे आले ते इंग्रजी भाषांतरातून, आणि त्या भाषांतराविरुद्ध स्वतः टिळकांनी तक्रार केली होती. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. कोंदोर्सेच्या हिशेबात ही सात मते मोजायची झाली तर ती सात धरावीत की एक, असा प्रश्न पडतो. माझे उत्तर एकाच्या जवळचे आहे.

एकटे पडलेल्या माणसाचे काय होते, हे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात रेघांच्या प्रयोगातून तपासले. दाखवलेल्या रेघेएवढ्याच लांबीची रेघ कोणती, एवढेच सांगायचे होते. बाकीच्या सर्वांनी आधी ठरवून चुकीची रेघ सांगितली की स्वतःच्या डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही अनेकजण माघार घेत. मात्र खरे बोलणारा एक जरी सोबती असला, तरी ही शरणागती झपाट्याने घटे. ज्यूरीच्या नियमांना येथे महत्त्व येते. निकाल एकमतानेच हवा असेल तर एकट्याचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. बहुमत पुरेसे असले की ज्यूरी लवकर मतदान घेते आणि हवा तेवढा आकडा जमला की चर्चा आटोपते, असे हेस्टी आणि सहकाऱ्यांना लुटुपुटूच्या ज्यूरींमध्ये दिसले. अमेरिकेत तर २०२० पासून सर्वच राज्यांत गंभीर गुन्ह्यांसाठी दोषी ठरवताना एकमत आवश्यक झाले आहे.

आपल्याकडे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्यूरी बाद केली. पारशी विवाहविषयक न्यायालयांतील 'डेलिगेट', म्हणजे न्यायाधीशासोबत निकालात भाग घेणारे समाजातील सामान्य लोक, हा तिचा उरलेला अवशेष. तिच्या अखेरच्या काळातील सर्वांत गाजलेल्या, नौदल अधिकारी नानावटी यांच्या १९५९च्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. हायकोर्टाने ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातच गंभीर चुका असल्याचे म्हटले, खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. त्या खोलीत आठ जणांसमोर जो एकटा उरला होता, त्याच्याच बाजूने शेवटी निकाल लागला.