एक टक्का म्हणजे पंपाला किती ग्रॅम?

विद्राव्य खतं, मोरचूद (कॉपर सल्फेट), चुना आणि फवारणीचं सामान घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

फवारणीच्या दिवसांत काउंटरवर रोज हा प्रश्न येतो: "साहेबांनी दोन टक्के युरिया मारायला सांगितलाय, पंपाला किती टाकू?" गर्दीत उत्तर घाईनं दिलं जातं आणि तो आकडा शेतावर पोहोचेपर्यंत बदलतो. म्हणून हा कागद छापला आहे. औषधं ठेवता त्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवा.

पाठ करायचा आकडा एकच: एक टक्का म्हणजे लिटरला 10 ग्रॅम. 100 मिलिलिटरला 1 ग्रॅम, म्हणून लिटरला 10 ग्रॅम, म्हणून 100 लिटरला 1 किलो. यावरून कुठलाही हिशेब निघतो:

टक्के × पाण्याचे लिटर × 10 = ग्रॅम

कपाशीला फुलोऱ्यात 2 टक्के युरिया द्यायचा आहे आणि पंप 15 लिटरचा आहे, तर 2 × 15 × 10 म्हणजे 300 ग्रॅम. तोच 200 लिटरच्या ड्रमला 4 किलो. अर्धा टक्का झिंक सल्फेट असेल तर ड्रमला 1 किलो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एक टक्का हा लिटरला 1 ग्रॅम धरणं. तो खरा एक दशांश टक्का. अशी फवारणी दहापट पातळ होते, पिकावर काही दिसत नाही आणि दोष खताला जातो. उलटी चूक जास्त महागात पडते, कारण करपलेलं पान परत हिरवं होत नाही. म्हणून आधी पाणी मोजा. पंप 15 चा आहे, 16 चा की 20 चा, हे एकदा बादलीनं भरून पाहा. आणि खत काट्यावर तोला. पेला, टोपण, काडेपेटी ही मापं पावडरीला वेगळं वजन दाखवतात आणि दाण्याला वेगळं.

बोर्डो मिश्रण

द्राक्षबागायतदार आमच्याकडून मोरचूद सगळ्यात जास्त नेतात, म्हणून हे जरा सविस्तर. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये द्राक्षाच्या केवडा या बुरशीच्या रोगावर हे मिश्रण जाहीर केलं, आणि आजही ते घरी करता येतं. एक टक्का बोर्डो म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि एकूण 100 लिटर पाणी. टक्का मोरचुदाच्या खड्यावर मोजलेला असतो. चुना त्यात धरत नाहीत. मोरचुदाच्या खड्यात तांबं सुमारे 25 टक्केच असतं, बाकी सल्फेट आणि स्फटिकातलं पाणी. म्हणजे एक टक्का बोर्डोत प्रत्यक्ष तांबं पाव टक्क्याच्या आसपास पडतं. तांब्याच्या दुसऱ्या बुरशीनाशकाशी तुलना करताना हे लक्षात ठेवा.

मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवा. लोखंडी भांडं नको, मोरचूद लोखंडाला खातो. चुना विझून थंड झाल्यावर गाळून घ्या, मग त्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी हळूहळू, ढवळत ओता. आता स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा राहिला आहे आणि पान भाजणार; चुन्याची निवळी घालत जा, थर येईनासा होईपर्यंत. किलोला किलो हा हिशेब ताज्या कळीच्या चुन्याचा आहे. उघड्या पोत्यात पडलेला चुना हवा खाऊन निकामी होत जातो, तिथे काट्यावरच्या आकड्यापेक्षा विळ्याचं ऐका. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

घट्ट द्रावण करून पंपात ओतणारे

बरेच जण बादलीत घट्ट द्रावण करतात आणि प्रत्येक पंपाला त्यातलं माप घालतात. पद्धत चांगली आहे, पण इथे एक बारीक फसगत आहे. 20 टक्क्यांचं 10 लिटर द्रावण म्हणजे 2 किलो युरिया आणि *एकूण* 10 लिटर. आधी युरिया, थोड्या पाण्यात विरघळवून, मग 10 च्या खुणेपर्यंत पाणी. (युरिया विरघळताना बादली गार पडते, ते स्वाभाविक आहे.) 10 लिटर पाणी भरून त्यात 2 किलो टाकलात तर द्रावण सुमारे साडेअकरा लिटर होतं. पंपाला दीड लिटर घातलं की 300 ग्रॅमच्या जागी 260 ग्रॅमच जातं. 1-2 टक्क्यांच्या फवारणीत हा फरक नगण्य, घट्ट द्रावणात मात्र नाही.

बाटलीवरचा टक्का

कीटकनाशकाच्या बाटलीवर 25 टक्के ईसी (पाण्यात दुधाळ मिसळणारं द्रव औषध) लिहिलेलं असतं आणि शिफारस 0.05 टक्के मूळ घटकाची असते. हे दोन वेगळे टक्के आहेत. हवे ते टक्के गुणिले लिटर गुणिले 1000, भागिले बाटलीवरचे टक्के, म्हणजे मिलिलिटर. 100 लिटरला 0.05 × 100 × 1000 ÷ 25 = 200 मिलि, लिटरला 2 मिलि. लेबलवर लिटरचं प्रमाण थेट दिलं असेल तर तेच पाळा, वेगळा हिशेब करू नका.

जीएसाठी (जिबरेलिक ॲसिड, द्राक्षावर मारायचं वाढीचं संजीवक) पीपीएम, म्हणजे दहा लाखात किती भाग, हे माप चालतं. 1 टक्का म्हणजे 10,000 पीपीएम. 10 पीपीएम म्हणजे 100 लिटरला 1 ग्रॅम. पावडर 90 टक्के शुद्धतेची असेल तर 1.11 ग्रॅम. एवढं वजन किराण्याच्या काट्यावर दिसत नाही, सोनाराचा काटा लागतो. पावडर पाण्यात नीट उतरत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा.

भाताचं बियाणं निवडताना मिठाचं 3 टक्के द्रावणही याच हिशेबानं: 10 लिटरला 300 ग्रॅम. तरंगलेलं काढून टाका, तळाचं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा.

दुकानात येताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून आणा: पीक, शिफारशीचे टक्के आणि तुमच्या पंपाचे किंवा ड्रमचे लिटर. ग्रॅम आम्ही लिहून देऊ, आणि पंपापंपाच्या पुड्या तोलून हव्या असतील तर त्याही बांधून देऊ. पुड्यांचे पैसे घेत नाही.