डांग्या खोकला

बोर्डेटेला पर्ट्युसिस या जंतूमुळे होणारा, मुख्यतः लहान मुलांचा, अत्यंत संसर्गजन्य श्वसनरोग. उबळ आली की मूल एका दमात लागोपाठ खोकत राहते, चेहरा लाल-निळा पडतो आणि शेवटी हवा आत ओढताना आरवल्यासारखा आवाज येतो. पाठोपाठ बहुधा उलटी होते.

रोगाच्या प्राचीनतेविषयी मतभेद आहेत. ग्रीक वैद्यकग्रंथांत त्याचे निःसंदिग्ध वर्णन नाही. चरकसंहितेतील पाच कासांपैकी (खोकल्याच्या प्रकारांपैकी) वातज म्हणजे वातदोषामुळे होणाऱ्या कासाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु कोरडी उबळ एवढ्याच साम्यावर ते मानणे धाडसाचे ठरेल. पॅरिसमधील 1578 च्या साथीचे फ्रेंच वैद्य गीयोम द बायू यांनी केलेले वर्णन सामान्यतः पहिले मानले जाते. ते छापले गेले मात्र 1640 मध्ये. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या एका फार्सी वैद्यकग्रंथातील हेरातच्या (आजच्या अफगाणिस्तानातील शहर) साथींचे वर्णन त्याहून जुने असल्याचे अलीकडे पुढे आले असून हा दावा विचारात घेण्याजोगा वाटतो. जनुकीय अभ्यासानुसार हा जंतू बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका या प्राण्यांत आढळणाऱ्या जंतूसारख्या पूर्वजापासून, बरीच जनुके गमावत, केवळ मानवापुरता उरला. आज सर्वत्र आढळणाऱ्या त्याच्या शाखेचा फैलाव गेल्या सुमारे पाच शतकांतला असावा. लिखित नोंदींशी हा अंदाज जुळतो.

झ्यूल बोर्दे व ऑक्ताव्ह झांगू यांनी 1906 मध्ये बटाट्याचा अर्क व रक्त घातलेल्या माध्यमावर जंतू वाढवला. तो श्वासनलिकेतील केसलांना (कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांसारख्या तंतूंना) चिकटतो व त्यांना निकामी करतो. त्यामुळे चिकट कफ वर सरकत नाही. त्याच्या विषामुळे रक्तातील लसिकापेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढतात. जंतू नाहीसा झाल्यावरही खोकला आठवडेच्या आठवडे टिकतो. फुप्फुसदाह (न्यूमोनिया) हा नेहमीचा उपद्रव.

तान्ह्या बाळात ओळखीचा तो आवाज अनेकदा येतच नाही. खोकलाही किरकोळ असू शकतो, आणि श्वासच मध्ये थांबतो. मृत्यू बहुतांशी याच वयात होतात. ‘नुसती सर्दी आहे’ म्हणून थांबणे म्हणूनच घातक ठरते. बाळाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

ॲझिथ्रोमायसीन हे प्रतिजैविक लवकर दिल्यास रोगाची तीव्रता कमी होऊ शकते. उबळी सुरू झाल्यावर दिल्यास त्याने मुख्यतः प्रसार रोखला जातो. भारतात या रोगासह पाच रोगांवरील पंचगुणी लस 6, 10 व 14 आठवड्यांना, तर घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लसीच्या वर्धक मात्रा 16 ते 24 महिन्यांत व 5 ते 6 वर्षांत देतात.