बेसबॉलपटूचा पगार नेमका कोण ठरवतो?

2018 साली शोहेई ओहतानी हा 23 वर्षांचा जपानी खेळाडू लॉस एंजेलिस एंजल्सकडून अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये पहिल्यांदा उतरला. त्याचा वर्षाचा पगार होता 5 लाख 45 हजार डॉलर. त्या वर्षी लीगमध्ये यापेक्षा कमी पगार कुणाला देताच येत नव्हता, इतका तो तळाचा. मेजर लीगचे दोन गट आहेत, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग. त्याच मोसमात तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पिचिंग म्हणजे चेंडू फेकणं आणि बॅटिंग या दोन्हींत पहिल्या रांगेत बसणारा असा खेळाडू बेब रूथनंतर जवळपास शंभर वर्षांत कुणी पाहिला नव्हता. 2021 मध्ये त्याला एकमताने लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू निवडलं, तेव्हा पगार होता 30 लाख. आणि डिसेंबर 2023 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याच्याशी दहा वर्षांचा, 70 कोटी डॉलरचा करार केला.

बातमी झाली ती 70 कोटींची. चेंडू फेकणाऱ्याला एवढे पैसे कशाला, हा प्रश्न जगभर विचारला गेला. इतका मोठा खेळाडू सुरुवातीला तळाच्या पगारात कसा मिळाला, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. माझ्या मते पगाराचं खरं कोडं तिथेच आहे.

आधी लोकांच्या संतापाबद्दल बोलू, कारण तो खोटा नाही. डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्क मेट्सने हुआन सोटोशी 15 वर्षांचा, 76 कोटी 50 लाख डॉलरचा करार केला. वर्षाला सरासरी 5 कोटी 10 लाख. अमेरिकेतल्या सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा सरासरी वार्षिक पगार 72 हजारांच्या आसपास असतो. म्हणजे सोटोच्या एका वर्षात सातशे शिक्षकांचे पगार निघतात. मुलांना वाचायला शिकवणं हे चेंडू भिंतीपलीकडे टोलवण्यापेक्षा मोलाचं काम आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण बाजारातली किंमत एखाद्या कामाचं एकूण मोल मोजत नाही. अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्येच हे कोडं मांडलं होतं: पाण्यावाचून माणूस मरतो, हिऱ्यावाचून कुणाचंच अडत नाही, तरी हिरा महाग. उत्तर पुढे शंभरेक वर्षांनी मिळालं. किंमत ठरते ती आणखी एका नगाच्या उपयोगावरून, त्याच्या दुर्मीळतेवरून. अमेरिकेत सरकारी शाळांतच तीस लाखांहून जास्त शिक्षक आहेत, तर मेजर लीगच्या 30 संघांत प्रत्येकी 26 म्हणजे एका वेळी 780 खेळाडू. एकूण रक्कम पाहिली तर चित्र उलटं दिसतं. त्या शिक्षकांच्या पगारावर वर्षाला वीस हजार कोटी डॉलरहून अधिक खर्च होतात, सगळ्या मेजर लीग खेळाडूंवर पाचशे कोटींच्या आसपास. समाज शाळेवर चाळीसपट पैसे घालतो, फक्त ते खूप जणांत वाटले जातात.

मग थोडासा जास्त चांगला खेळाडू इतका जास्त का कमावतो? एक साधा हिशोब करून पाहू. हिट म्हणजे फलंदाजाला बाद न होता बेसवर पोहोचवणारा फटका, आणि बेसबॉलमधली सरासरी म्हणजे हिटचं प्रमाण. मोसमात पाचशे वेळा बॅटिंगला येणारा .250 सरासरीचा फलंदाज 125 हिट मारतो, .300 सरासरीचा 150. मोसम साधारण 26 आठवड्यांचा असतो. म्हणजे सामान्य आणि नामवंत यांच्यात आठवड्याला जेमतेम एका हिटचं अंतर. रोज मैदानात जाणाऱ्यालाही हा फरक डोळ्यांनी कळणार नाही, पण 162 सामन्यांच्या मोसमात संघाने पहिला येणं आणि स्पर्धेबाहेर पडणं याच फरकांच्या बेरजेवर ठरतं. शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने 1981 मध्ये दाखवलं, की एकच कलाकार एकाच वेळी लाखो लोकांपर्यंत पोहोचू लागला, की गुणवत्तेतला बारीक फरकही उत्पन्नात प्रचंड होतो. जुन्या पिढीतला अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल याच्या काळात गायिकेचा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, तीच तिच्या कमाईची हद्द. दूरचित्रवाणीने ती हद्द पुसून टाकली. आज मेजर लीगचं वर्षाचं उत्पन्न 1200 कोटी डॉलरपलीकडे गेलं आहे.

इथे एक गैरसमज दूर करायलाच हवा. खेळाडू महागले म्हणून तिकिटं महागली, असं सर्रास म्हटलं जातं. गाडी उलट्या दिशेने चालते. मोसम सुरू होण्याआधीच करार झालेले असतात, आणि स्टेडियममधल्या आणखी एका खुर्चीवर माणूस बसवायला क्लबला जवळपास काहीच खर्च येत नाही. प्रेक्षक जास्तीत जास्त किती देईल एवढंच पाहून तिकिटाचा दर ठरतो. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कित्येक दशकं खेळाडूंना पगारच नव्हता, तरी तिकिटं महागच होती. उद्या सोटोचा पगार निम्मा केला, तर उरलेला निम्मा प्रेक्षकाच्या खिशात परत येणार नाही. तो मालकाकडे राहील.

तेव्हा प्रश्न असा आहे, की प्रेक्षकाने दिलेला पैसा कुणाच्या खिशात जावा. याचा निकाल जवळपास शंभर वर्षं एकाच बाजूने लागत होता.

1879 पासून बेसबॉलच्या व्यवहारात रिझर्व्ह क्लॉज नावाची तरतूद शिरली. करार संपला तरी पुढच्या मोसमासाठी खेळाडूवर हक्क त्याच क्लबचा, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. क्लब त्याला विकू शके, अदलाबदलीत देऊ शके. त्याला मात्र दुसऱ्या दारात जाऊन भाव विचारायची सोय नव्हती. आपल्या ऊसपट्ट्यात झोनबंदी होती तो काळ ज्यांना आठवतो, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शेजारचा कारखाना जास्त भाव देत असला तरी ऊस घालायचा नेमून दिलेल्या कारखान्यालाच. अर्थशास्त्र याला खरेदीदाराची मक्तेदारी म्हणतं. 1922 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलचे सामने म्हणजे राज्याराज्यांमधला व्यापार नव्हे असं ठरवून मक्तेदारीविरोधी कायद्यातून या खेळाला मोकळीकही दिली.

ऑक्टोबर 1969 मध्ये सेंट लुई कार्डिनल्सने आपला सेंटर फील्डर कर्ट फ्लड याला फिलाडेल्फिया फिलीजकडे पाठवायचं ठरवलं. बारा मोसम त्याने कार्डिनल्सकडे घालवले होते. पगार 90 हजार डॉलर, त्या काळी फार मोठा. फ्लडने जायला नकार दिला. 24 डिसेंबरला त्याने लीगचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलं, की माझी इच्छा न विचारता खरेदी-विक्री करावी अशी मी एक वस्तू आहे असं मला वाटत नाही. इतका पगार घेऊन तक्रार कसली, असं विचारणाऱ्यांना त्याचं उत्तर होतं, की चांगला पगार मिळणारा गुलामही गुलामच असतो. तो कृष्णवर्णीय होता, आणि हा शब्द त्याने सहज वापरला नव्हता. त्याच्या खटल्यात जॅकी रॉबिन्सनने, म्हणजे आधुनिक मेजर लीगमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूने, साक्ष दिली, पण तेव्हा खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. 1970 चा मोसम त्याने बाहेर बसून काढला, पुढच्या वर्षी 13 सामने खेळून तो निवृत्त झाला आणि 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 5 विरुद्ध 3 मतांनी हरला. पगाराच्या इतिहासात माझ्या लेखी सर्वात मोठं नाव त्याचं आहे, आणि त्यातून त्याला स्वतःला एक पैसाही मिळाला नाही.

दार उघडलं ते 1975 मध्ये. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅक्नॅली हे दोन पिचर नव्या करारावर सही न करता राहिले, आणि डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला, की क्लबला करार एकतर्फी वाढवता येईल तो एकदाच, एका वर्षासाठी. मालकांनी साइट्झना लगेच काढून टाकलं, पण निकाल न्यायालयात टिकला.

यातून अर्थशास्त्राला एक नैसर्गिक प्रयोगच मिळाला. 1976 मध्ये मेजर लीगचा सरासरी पगार सुमारे 51 हजार 500 डॉलर होता, 1980 मध्ये तो 1 लाख 43 हजारांवर गेला. मधल्या काळातली महागाई वजा केली तरी जवळपास दुप्पट. चार वर्षांत खेळाडू दुप्पट चांगले झाले नव्हते. चेंडू तोच, मैदान तेच, नियमही बहुतेक तेच. बदललं होतं ते एवढंच, की खेळाडूला दुसऱ्या दारात जायची मुभा मिळाली. जेराल्ड स्कली या अर्थशास्त्रज्ञाने 1974 मध्येच एक हिशोब मांडला होता: एका खेळाडूमुळे संघ किती सामने जास्त जिंकतो, आणि त्या विजयांनी क्लबच्या उत्पन्नात किती भर पडते. तारे खेळाडू क्लबला जेवढं कमावून देत, त्याच्या एक पंचमांशाहूनही कमी त्यांच्या हाती पडत होतं.

बेसबॉलमधली ती झोनबंदी पूर्ण गेलेली नाही, फक्त तिला मुदत लागली आहे. आजही खेळाडू पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास खेळतो. 2025 मध्ये हा किमान पगार 7 लाख 60 हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं लवादामार्फत पगार वाढतो, आणि सहा वर्षांच्या सेवेनंतर तो मोकळा होतो. पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्स 2025 मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर म्हणून एकमताने साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला. त्याचा पगार होता 8 लाख 75 हजार. बोनस निधीतून त्याला आणखी काही मिळालं, पण खुल्या बाजारात अशा पिचरला मिळतात त्या रकमांपुढे ते किरकोळच. ओहतानीचंही तेच झालं. 25 वर्षांखालच्या परदेशी खेळाडूवर मर्यादा होती, म्हणून 2017 मध्ये त्याला सहीचे 23 लाख डॉलर मिळाले, तर त्याला सोडण्याबद्दल त्याच्या जपानी क्लबला 2 कोटी.

या रचनेचा एक विचित्र परिणाम होतो. बेसबॉलपटूचं शरीर साधारण 26 ते 29 या वयात ऐन भरात असतं, आणि बहुतेक जण मोकळे होतात ते त्याच्या शेवटाला. म्हणून मोठे करार अनेकदा होऊन गेलेल्या कामगिरीचे पैसे ठरतात. अल्बर्ट पुहोल्सने कार्डिनल्सकडे 11 मोसमांत .328 च्या सरासरीने बॅटिंग केली. 2011 च्या अखेरीस, बत्तिशीच्या उंबरठ्यावर, त्याला एंजल्सने दहा वर्षांसाठी 24 कोटी डॉलर दिले. तिथे त्याची सरासरी .256 राहिली. पगार अवाच्या सवा म्हणणारे अशी उदाहरणं देतात, आणि ती खरी आहेत. पण तो पैसा कुठून वळता होतो तेही पाहायला हवं: तेविशीतल्या स्कीन्ससारख्यांना कमी देऊन जे वाचतं, त्यातून.

मथळ्यातल्या आकड्यांवरही फार विसंबू नये. ओहतानीच्या 70 कोटींपैकी 68 कोटी त्याला 2034 ते 2043 या काळात मिळणार आहेत, तेही बिनव्याजी. दरवर्षी हातात येतात ते 20 लाख. दहा वर्षांनी मिळणाऱ्या 6 कोटी 80 लाखांची आजची किंमत साडेचार टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं तर 4 कोटी 40 लाखांच्या घरात जाते, म्हणून पगारावर फार खर्च करणाऱ्या क्लबांना लीग जो कर लावते, त्याच्या हिशोबात त्याचा वार्षिक पगार 7 कोटींऐवजी 4 कोटी 60 लाख धरला जातो. मेट्सचा माजी खेळाडू बॉबी बोनिया याचं गणित याच्या बरोबर उलटं. मेट्सने 2000 साली त्याचे उरलेले 59 लाख डॉलर द्यायचे 8 टक्के व्याजाने लांबवले. अकरा वर्षांत चक्रवाढीने त्याचे 1 कोटी 37 लाख झाले, आणि तेव्हापासून 2035 पर्यंत त्याला दर 1 जुलैला 11 लाख 93 हजार डॉलर मिळतात. एकूण जवळपास 3 कोटी.

या सगळ्यात मला जे पैसे खरोखर जास्त वाटतात, ते पगाराच्या यादीत दिसत नाहीत. 2023 मध्ये नेवाडा राज्याने लास वेगसमधल्या नव्या बेसबॉल स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक पैसा मंजूर केला. अशा स्टेडियममुळे गावाच्या उत्पन्नात लागलेल्या पैशाइतकी भर पडत नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांचं क्वचित दिसतं इतकं एकमत आहे. तिकीट काढणारा आपल्या मर्जीने पैसे देतो. इथे सामना कधी न पाहणाऱ्याच्या करातूनही पैसे जातात.

आणि जे खरोखर कमी वाटतात, ते मायनर लीगमध्ये सापडतात. मेजर लीगच्या खाली प्रत्येक क्लबचे तयारीचे संघ असतात. तिथले बहुतेक तरुण वर कधीच पोहोचत नाहीत, पण त्यांच्याशिवाय वरचे 780 तयारच होणार नाहीत. 2018 मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, एका मोठ्या खर्चविधेयकात तरतूद घालून या मुलांना जादा कामाच्या वेतनाच्या कायद्यातून वगळलं. 2023 मध्ये त्यांच्या संघटनेचा पहिला करार झाला तोवर सर्वात खालच्या पातळीवरच्या खेळाडूला वर्षाला 4,800 डॉलर मिळत. ते 19,800 झाले. सर्वात वरच्या, ट्रिपल-ए पातळीवर, मेजर लीगपासून एकच पायरी खाली, पगार 17,500 वरून 35,800 वर गेला. सोटोचा पगार 162 सामन्यांत आणि सामन्याच्या नऊ इनिंगमध्ये वाटला, तर साधारण तेवढेच डॉलर त्याच्या एका इनिंगच्या वाट्याला येतात.