सेंटने केस पांढरे होतात?

‘केसांना सेंट लावू नकोस, पांढरे होतील’ हे घरोघरी ऐकू येतं. ते खरं नाही. केसाचा रंग त्वचेखाली, मुळाशी तयार होतो. बाहेर आलेला केस मृत असतो. त्यावर मारलेला फवारा मुळातलं रंगद्रव्य बदलू शकत नाही.

मात्र रोज थेट केसांवर फवारणंही बरं नाही. परफ्यूम आणि कोलोनमध्ये बहुतांश भाग अल्कोहोलच असतो, साधारण ७० ते ९० टक्के. तो उडून जातो, पण वारंवार वापरल्यास केस कोरडे, राठ होऊ शकतात. रंगवलेल्या किंवा स्ट्रेटनिंग केलेल्या केसांना हे आधी जाणवतं. टाळूवर पडलं तर आग, खाज, कधी सुगंधी द्रव्यांची ॲलर्जीही.

मग करायचं काय? कंगव्यावर २० सेंटिमीटरवरून एकच फवारा मारा, अर्धा-एक मिनिट सुकू द्या आणि फक्त खालच्या टोकांवरून फिरवा. केस वास छान धरून ठेवतात, त्यामुळे एवढं पुरतं. अत्तर असेल तर तळव्यावर एक थेंब चोळून टोकांना हलका हात लावा. आणि ओल्या फवाऱ्यानिशी निरांजन, गॅस किंवा गरम स्ट्रेटनरजवळ अजिबात जाऊ नका. अल्कोहोल चटकन पेट घेतं.