संकटकालीन ख्रिस्ती सेवाकार्य

दुष्काळ, साथ, युद्ध, पूर किंवा भूकंप अशा आपत्तीत ख्रिस्ती मंडळ्या, धर्मसंघ आणि त्यांच्या सेवासंस्था पीडितांसाठी जे काम करतात, त्याला संकटकालीन सेवाकार्य म्हणता येईल. अन्न, आसरा, आजाऱ्यांची शुश्रूषा, मृतांचे दफन आणि शोकाकुलांना आधार ही त्याची जुनी अंगे. भुकेल्याला, परक्याला, आजाऱ्याला केलेली मदत ख्रिस्तालाच पोचते, ही बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील (अध्याय 25) शिकवण त्यामागे आहे.

बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात या कामाची सुरुवात दिसते. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीकभाषक विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर झाली, तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडण्यात आले. डीकन (मंडळीचा सेवक) या पदाचे मूळ परंपरेने या निवडीत मानले जाते. मदतीतला पक्षपात दूर करण्यासाठी मंडळीने इतक्या लवकर व्यवस्था उभी करावी, हे फार मोलाचे आहे. पुढे दुष्काळात अंत्युखियाच्या शिष्यांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून यहूदीयातील बांधवांना पाठवली.

तिसऱ्या शतकातील महासाथीत कार्थेजचा बिशप सिप्रियन याने छळ करणाऱ्यांनाही मदत करण्याचा आग्रह धरला. चौथ्या शतकात कॅपॅडोशियात (आजच्या तुर्कस्तानात) दुष्काळ पडला असता तेथील धर्मगुरू बेसिलने साठेबाज धनिकांना प्रवचनांतून खडसावले आणि भुकेल्यांना जेवू घातले. नंतर सीझरिया नगराबाहेर रुग्ण, गरीब व वाटसरूंसाठी मोठे सेवास्थान उभारले. ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेल्या रोमन सम्राट जूलियननेही, हे लोक आपल्याबरोबर आमच्या गरिबांनाही पोसतात, अशी खंत पत्रात व्यक्त केली.

संकटात थांबायचे कोणी, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. 1527 मध्ये जर्मनीतील विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर गावातच राहिला आणि त्याने यावर सविस्तर पत्र लिहिले. पाळक, शासनाधिकारी आणि ज्यांच्यावर इतरांची जबाबदारी आहे त्यांनी जागा सोडू नये. शेजाऱ्याची सोय लागली असेल तर इतरांनी जाण्यात पाप नाही, असे त्याचे मत होते. औषध टाळणे आणि विनाकारण संसर्गात शिरणे ही श्रद्धा नव्हे, असेही त्याने बजावले. धैर्य आणि बेफिकिरी यांतला हा फरक आजही पाळकांना शिकवण्याजोगा आहे.

आधुनिक काळात 1865 मध्ये लंडनला सुरू झालेल्या कामातून साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती सेवासंस्था घडली. पुढे कॅथलिकांची कॅरिटास, लूथरन मंडळ्यांची लूथरन वर्ल्ड फेडरेशन यांसारखी जागतिक जाळी विणली गेली. मदतीच्या आडून धर्मांतर घडवले जाते, हा या कार्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप. उपाशी माणसाची संमती मोकळी नसते, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांसाठीची 1994 ची आचारसंहिता गरज हाच निकष मानते आणि एखादी राजकीय वा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी मदत वापरण्यास मनाई करते. तिच्या पुरस्कर्त्यांत कॅरिटास, लूथरन वर्ल्ड फेडरेशन व वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या संस्था होत्या.

सांत्वनाच्या कामात, बायबलमधील संकटग्रस्त ईयोबाच्या मित्रांचा दाखला दिला जातो. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ठीक होते. दुःखाची कारणे सांगू लागले आणि चुकले. शोकाचा मान राखणे किती व्यवहारी काम आहे हे पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत दिसले. मृतदेहाला स्पर्श करण्याच्या अंत्यविधींतून संसर्ग पसरत होता आणि नुसत्या मनाईने लोक प्रेते लपवू लागले. 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ख्रिस्ती व मुस्लिम संस्थांशी सल्लामसलत करून सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची पद्धत ठरवली. तीत कुटुंबाला प्रार्थनेची व निरोपाची जागा ठेवलेली आहे.