संकेतस्थळाच्या फायली सर्व्हरवर चढवणे

संकेतस्थळाच्या फायली सर्व्हरवर चढवणे : स्वतःच्या संगणकावर तयार केलेल्या संकेतस्थळाची पाने, छायाचित्रे आणि मांडणीच्या फायली इंटरनेटला सतत जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर, म्हणजे वेब सर्व्हरवर, आहेत त्याच रचनेत नकलून ठेवण्याची क्रिया. बोलताना हिला ‘अपलोड करणे’, ‘साइट चढवणे’ किंवा ‘साइट लाइव्ह करणे’ असे म्हणतात. या क्रियेत मूळ फाइल जागची हलत नाही. ती आपल्याकडेच राहते आणि तिची प्रत पलीकडे जाते. त्यानंतर एकाच पानाच्या दोन प्रती अस्तित्वात असतात आणि एकीत केलेला बदल दुसरीत आपोआप उतरत नाही. नवशिक्याला येणाऱ्या अडचणींचा उगम बहुधा येथेच असतो, कारण जे पान आपल्या संगणकावर बिनचूक दिसते ते सर्व्हरवरही तसेच दिसेल असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात घरचा संगणक ज्या चुका खपवून घेतो, त्या सर्व्हर खपवून घेत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एखाद्या अडत दुकानाचे उदाहरण घेऊ. राजापुरी हळदीचे सौद्यात निघालेले दर, मालाची छायाचित्रे आणि पेढीचा पत्ता अशी पाच-सहा पाने घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने दुकानातील संगणकावर तयार केली आहेत. ती तेथे उत्तम दिसतात. परंतु निजामाबादच्या किंवा इरोडच्या व्यापाऱ्याला ती दिसण्याचा संभव नाही, कारण ती त्या एका संगणकाच्या डिस्कवर आहेत आणि दुकान बंद झाले की संगणकही बंद होतो. ती जगाला दिसावीत यासाठी एक नाव (डोमेन) नोंदवावे लागते, चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरवर जागा (होस्टिंग) भाड्याने घ्यावी लागते आणि त्या नावाने विचारणा झाली की कोणत्या सर्व्हरकडे जायचे याची नोंद डीएनएस या नामव्यवस्थेत करावी लागते. नाव देवनागरीतही घेता येते. ‘डॉट भारत’ हा विभाग २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाला तेव्हापासून मराठीलाही त्यात स्थान आहे. एवढे सगळे झाले तरी भाड्याने घेतलेली जागा रिकामीच असते, आणि ती भरणे हा या नोंदीचा विषय आहे.

एका संगणकावरून दुसऱ्यावर फायली पाठवण्याची रीत वेबपेक्षा वीस वर्षांनी जुनी आहे. आयआयटी कानपूरच्या १९६५ च्या पहिल्या तुकडीतून पदवी घेऊन अमेरिकेतील एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉलचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा लिहिला. त्या वेळी आर्पानेट या जाळ्यावरील संगणक निरनिराळ्या बनावटीचे होते आणि फाइल साठवण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी होती. त्या सर्वांना एकमेकांच्या फायली मागता व ठेवता याव्यात यासाठी एक समान बोली ठरवणे हा त्या मसुद्याचा हेतू होता. जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये सिद्ध केलेली आवृत्ती आजही एफटीपीचा पाया मानली जाते. टिम बर्नर्स-ली यांचे वेब १९९१ मध्ये सर्न या संस्थेबाहेरील लोकांसाठी खुले झाले, तेव्हा पाने वाचण्यासाठी एचटीटीपी हा नवा संकेत आला. पाने सर्व्हरवर ठेवण्यासाठी मात्र लोकांनी हाताशी असलेली एफटीपीच वापरली. वाचण्याचा मार्ग एक आणि ठेवण्याचा मार्ग दुसरा, ही विभागणी तेव्हापासून बऱ्याच अंशी टिकून आहे. संकेतस्थळ उघडण्यासाठी पासवर्ड लागत नाही आणि त्यात फाइल ठेवण्यासाठी मात्र लागतो, हे त्यामुळेच.

एफटीपी दोन जोडण्यांवर चालते. पहिली जोडणी आज्ञांची असून ती सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीसाठी ठरवलेल्या क्रमांकित दारावर, होते. प्रत्यक्ष फाइल दुसऱ्या, स्वतंत्र जोडणीवरून जाते. मूळ पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर आपल्या संगणकाकडे उघडत असे. आज बहुतेक संगणक राउटर आणि फायरवॉल यांच्या आड असल्याने बाहेरून येणारी अशी जोडणी अडवली जाते, आणि मग पासवर्ड मान्य होऊनही फायलींची यादी काही केल्या येत नाही. त्यावर उपाय म्हणजे ‘पॅसिव्ह’ पद्धत, जिच्यात दोन्ही जोडण्या आपल्याच बाजूने उघडल्या जातात. आणखी एक जुना खाचखळगा मजकूर-पद्धत आणि फाइल जशीच्या तशी पाठवणारी द्विमान-पद्धत (बायनरी) यांतील भेदाचा आहे: मजकूर-पद्धतीत ओळ संपल्याची खूण विंडोज आणि युनिक्स यांच्या रिवाजांनुसार वाटेत बदलली जाते, आणि छायाचित्र चुकून त्या पद्धतीने पाठवले तर ते बिघडते.

एफटीपीचा खरा दोष याहून गंभीर आहे. तिच्यात वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत जातात, त्यामुळे वाटेवर कान देऊन असणाऱ्याला ते वाचता येतात. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशाच पासवर्ड-चोरीचा प्रकार घडल्यानंतर तेथील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही सांकेतिक रूपात बोलणारी पद्धत तयार केली. तिच्याच आधारावर चालणारी एसएफटीपी आज नवशिक्याने प्रथमपासून वापरावी. नावातील साम्यामुळे ती एफटीपीची सुधारित आवृत्ती वाटते. प्रत्यक्षात ती स्वतंत्र रचना असून एकाच जोडणीवर, २२ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. जुन्या एफटीपीवरच टीएलएस या सांकेतिक रूपात बोलणाऱ्या दुसऱ्या पद्धतीचे आवरण चढवले की तिला एफटीपीएस म्हणतात. होस्टिंग देणाऱ्याने एसएफटीपीची सोय दिली नसेल तर निदान हिचा आग्रह धरावा. २००९ मध्ये पसरलेल्या ‘गम्बलर’ या उपद्रवी प्रोग्रामने लोकांच्या संगणकांवरून एफटीपीचे पासवर्ड चोरून त्यांच्या संकेतस्थळांत घातक मजकूर घुसवला होता, म्हणजे जोडणी सुरक्षित असली तरी पासवर्ड ज्या संगणकात साठवलेला आहे तोही निर्धोक असावा लागतो. फायरफॉक्स आणि क्रोम या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपी पूर्णपणे काढून टाकली.

कामासाठी फाइलझिला किंवा विनएससीपी यांसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर घेतात. त्याच्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन याद्या दिसतात. डावीकडे आपला संगणक, उजवीकडे सर्व्हर. जोडणीसाठी सर्व्हरचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि पोर्ट हे चार तपशील होस्टिंग घेतल्यावर आलेल्या ईमेलमध्ये असतात. एसएफटीपीने प्रथमच जोडणी करताना सर्व्हरची ओळखखूण दाखवली जाते. ती होस्टिंग देणाऱ्याने कळवलेल्या खुणेशी ताडून मगच स्वीकारावी, आणि पुढे कधी ‘खूण बदलली आहे’ असा इशारा आला तर चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. उजव्या यादीत अनेक फोल्डर दिसतात, त्यांपैकी जगाला दिसणारे साधारणतः एकच असते. त्याचे नाव बहुधा ‘पब्लिक एचटीएमएल’, ‘एचटीडॉक्स’ किंवा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असते. फायली याच फोल्डरात पडल्या पाहिजेत. पाने असलेले अख्खे फोल्डरच त्यात ओढून टाकले, तर पत्त्यात त्या फोल्डराचे नाव घातल्याशिवाय संकेतस्थळ उघडत नाही. म्हणून फोल्डर उघडून त्याच्या आतील मजकूर चढवावा. मुखपृष्ठाच्या फायलीचे नाव बहुतेक सर्व्हरांवर ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ असेच असावे लागते, कारण पत्त्यात कोणतेही पान सांगितलेले नसेल तेव्हा सर्व्हर तेच नाव शोधतो. ते न सापडल्यास तो प्रवेश नाकारतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे आतील फायलींची यादीच पाहणाऱ्यापुढे उघडी करतो.

आता घरचा संगणक ज्या चुका झाकतो त्यांकडे वळू. विंडोजला फायलीच्या रोमन नावातील मोठी आणि लहान अक्षरे सारखीच वाटतात. बहुतांश वेब सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात तिला ती वेगळी वाटतात. पानात छायाचित्राचे नाव लहान अक्षरांत लिहिले असेल आणि कॅमेऱ्याने ते मोठ्या अक्षरांत ठेवले असेल, तर दुकानातील संगणकावर छायाचित्र दिसते आणि सर्व्हरवर त्या जागी रिकामी चौकट येते. दुसरी चूक पत्त्याची आहे. पान बनवण्याच्या काही साधनांकडून छायाचित्राचा पत्ता ‘सी’ ड्राइव्हपासून पूर्ण लिहिला जातो. तो पत्ता फक्त त्या एका संगणकावर खरा असतो आणि बनवणाऱ्याला स्वतःला ही चूक कधीच दिसत नाही, कारण त्याच्याकडे ते छायाचित्र त्याच जागी असते. पानापासून मोजलेला सापेक्ष पत्ता लिहिणे आणि सर्व नावे सुरुवातीपासून लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवणे, या दोन सवयींनी पुष्कळ त्रास वाचतो. तिसरी बाब परवानग्यांची. लिनक्सवर प्रत्येक फायलीला मालक, गट आणि इतर यांच्यासाठी तीन अंक असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ अशी त्यांची बेरीज असते. सर्वसाधारणपणे फायलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ ठेवतात. काही चालत नसले की सर्रास ७७७ करून टाकण्याचा सल्ला दिला जातो; तो मानू नये, कारण त्याने सर्व्हरवरील कोणालाही ती फाइल बदलण्याची मुभा मिळते.

मराठी संकेतस्थळाला स्वतःचे काही प्रश्न आहेत. सांगली-मिरजेतील छपाईच्या आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे साठलेला मजकूर युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या समान संकेतव्यवस्थेपूर्वीच्या फाँटांत टाइप केलेला असतो. त्यातील अक्षरे प्रत्यक्षात रोमन संकेतांवर बसवलेली असल्याने तो फाँट नसलेल्या संगणकावर किंवा मोबाइलवर ‘हळद’ हा शब्द अर्थहीन चिन्हांची माळ म्हणून दिसतो आणि शोधयंत्रालाही सापडत नाही. असा मजकूर चढवण्याआधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावाच लागतो. त्यानंतर फाइल यूटीएफ-८ या रूपात जतन करावी आणि पानाच्या शिरोभागात तसे घोषित करावे. फायलींना देवनागरी नावे देण्याचा मोह होतो आणि तांत्रिकदृष्ट्या ती चालतातही. परंतु यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक वर्ण तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हांनी लिहिला जातो, त्यामुळे ‘हळद’ या तीन अक्षरांची पत्त्यात सत्तावीस चिन्हे होतात. शिवाय ‘व्यापाऱ्यांची यादी’ यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो, एक अखंड वर्ण म्हणून आणि ‘र’ला खाली नुक्ता जोडून. डोळ्यांना दोन्ही नावे एकच दिसतात, सर्व्हरला ती दोन असतात. ज्याचे घर ‘ऱ’शिवाय चालत नाही त्या मराठी माणसाने पानातील मजकूर अवश्य मराठीत लिहावा, फायलींची नावे मात्र रोमनमध्ये ठेवावीत.

छायाचित्रांच्या आकाराचा विचार चढवण्यापूर्वी करावा. मिरजेतील तंतुवाद्ये बनवणाऱ्या एखाद्या कारागिराने सतार-तंबोऱ्यांची दहा छायाचित्रे मोबाइलमधून थेट घेतली आणि प्रत्येक ४ मेगाबाइटचे असले, तर एकूण ४० मेगाबाइट म्हणजे ३२० मेगाबिट होतात. फायली पाठवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल तर १६० सेकंद लागतात. हा वेळ एकदाच जातो, पण पाहणाऱ्या प्रत्येकाला तेवढाच भार आपल्या मोबाइलवर उतरवावा लागतो. छायाचित्राची रुंदी १,२०० पिक्सेलच्या आसपास आणली तरी भोपळ्यावरील नक्षी पुरेशी स्पष्ट दिसते. याउलट शेकडो लहान फायली असतील तर एकूण आकार थोडा असूनही वेळ फार लागतो, कारण प्रत्येक फायलीसाठी स्वतंत्र देवाणघेवाण होते; अशा वेळी सर्व फायलींची झिप बांधून ती होस्टिंगच्या नियंत्रण-पानावरून सर्व्हरवरच उलगडावी आणि नंतर ती झिप न विसरता काढून टाकावी, कारण उघड्या फोल्डरातील झिप कोणालाही उतरवून घेता येते.

चालू संकेतस्थळ बदलताना क्रमालाही महत्त्व असते. आधी छायाचित्रे आणि मांडणीच्या फायली, मग आतील पाने आणि सर्वांत शेवटी मुखपृष्ठ, असा क्रम ठेवला तर काम चालू असताना आलेल्या माणसाला अर्धवट पान दिसत नाही. काम झाल्यावर संकेतस्थळ संगणकाऐवजी मोबाइल डेटावरून उघडून पाहावे, म्हणजे घरच्या प्रतीचा भास होत नाही. दर बदलूनही जुनेच दिसत असतील तर बहुधा ब्राउझरने साठवलेली प्रत समोर येत असते. कंट्रोल आणि एफ ५ या कळा एकत्र दाबल्यास ती ताजी होते. वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत लेख फायलींत नसून डेटाबेसमध्ये असतात, म्हणून तिथे केवळ फायली हलवून संकेतस्थळ हलत नाही. डेटाबेसही स्वतंत्रपणे काढून पलीकडे भरावा लागतो. फक्त बदललेला भाग पाठवणारे आरसिंक हे साधन १९९६ पासून उपलब्ध आहे, आणि गिट या फायलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या आधारे फायली आपोआप चढवण्याची पद्धतही आता रूढ आहे. हाताने दोन-चार वेळा फायली चढवून रचना समजल्यानंतर त्यांकडे वळणे इष्ट.

सर्व्हरवरील प्रत ही सुरक्षित ठेव मानू नये. भाडे थकले किंवा खाते बंद झाले की ती जाते, आणि कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पेठेत शिरले की दुकानातील संगणकही जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीने हे पाहिले आहे. म्हणून तिसरी प्रत गावाबाहेरील नातेवाइकाकडे ठेवलेल्या ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर असावी. त्याचबरोबर डोमेन कोणाच्या नावावर नोंदले आहे, होस्टिंगचे खाते कोणत्या ईमेलवर आहे, एसएफटीपीचा पासवर्ड काय आणि नूतनीकरणाची तारीख कोणती, हे चारही तपशील पेढीच्या मालकाकडे लिहून ठेवलेले असावेत, कारण साइट चढवणारी मुलगी उद्या नोकरीसाठी पुण्याला जाते आणि दर मात्र रोज बदलावे लागतात.