५७ व्या स्ट्रीटवरच्या खोल्या

पोलॉक, रोथको, न्यूमन, डी कूनिंग ही ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिझम’ या अमेरिकी चित्रशैलीतली नावं आज आपल्याला भेटतात ती संग्रहालयांच्या प्रशस्त दालनांत. समोर बाक, बेताचा उजेड, दबक्या आवाजात बोलणारे लोक. या चित्रांचं बालपण मात्र न्यूयॉर्कच्या ५७ व्या स्ट्रीटवर, इमारतींच्या वरच्या मजल्यांवरच्या लहानशा खाजगी गॅलऱ्यांत गेलं. त्या खोल्या कोणी चालवल्या आणि तिथे चित्रं कशी टांगली गेली, हे पाहिल्याशिवाय ही चित्रकला नीट उलगडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

महामंदीच्या काळात यातले बरेच चित्रकार सरकारी कला-योजनेच्या आठवड्याच्या पगारावर जगत होते. कलेची राजधानी तेव्हा पॅरिस. १९४० मध्ये पॅरिस नाझींच्या हाती गेलं आणि मोंद्रियान, माक्स अर्न्स्ट, आंद्रे ब्रेताँ असे अनेक चित्रकार-लेखक न्यूयॉर्कला येऊन पोहोचले. त्यांच्यासोबत आली पेगी गुगनहाइम, चित्रांची श्रीमंत संग्राहक. ऑक्टोबर १९४२ मध्ये तिने ‘आर्ट ऑफ धिस सेंच्युरी’ ही गॅलरी उघडली. फ्रेडरिक किसलर या वास्तुविशारदाने तिथे वक्र लाकडी भिंती उभारल्या आणि त्यांतून पुढे आलेल्या दांड्यांवर बिनचौकटीची चित्रं बसवली. चित्र भिंतीला चिकटून न राहता जणू पुढे येऊन पाहणाऱ्याला भेटत होतं.

पोलॉक त्या सुमारास पेगीच्या काकांच्या, म्हणजे सॉलोमन गुगनहाइम यांच्या ‘म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’मध्ये (म्हणजे कुठलीही वस्तू न दाखवणाऱ्या चित्रांच्या संग्रहालयात) पडेल ती हातची कामं करत होता. पेगीने त्याला महिना १५० डॉलर बांधून दिले आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये त्याचं पहिलं एकल प्रदर्शन भरवलं. शिवाय आपल्या घराच्या प्रवेशदालनासाठी सुमारे ८ फूट बाय २० फुटांचं चित्र काढायला सांगितलं. ते थेट भिंतीवर न काढता कॅनव्हासवर काढावं, हा सल्ला फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँचा. तो पाळला म्हणूनच ‘म्युरल’ आज शाबूत आहे. पोलॉकने ते एका रात्रीत रंगवलं ही गोष्ट अजून सांगितली जाते, पण रंगांच्या थरांच्या तपासणीतून वेगळंच दिसलं. काही थर आधी वाळले होते आणि मग त्यांवर पुढचे चढले होते. मला ही वाळायची वाट पाहणारी गोष्ट दंतकथेपेक्षा जास्त आवडते.

१९४७ मध्ये पेगी गॅलरी बंद करून युरोपला परतली. पोलॉकला घ्यायला पटकन कोणी तयार होईना. घेतलं ते बेटी पार्सन्सने.

या साऱ्या इतिहासात मला सगळ्यांत मोठी वाटते ती हीच बाई. ती स्वतः चित्रकार होती. १९४६ मध्ये १५ ईस्ट ५७ या पत्त्यावर तिने गॅलरी सुरू केली. पांढऱ्या भिंती, उघडी जमीन, बाकी सजावट नाही. आज जगभर गॅलरी म्हटली की डोळ्यांपुढे येणारी खोली ती हीच. जानेवारी १९४८ मध्ये, कॅनव्हास जमिनीवर अंथरून रंग ओतून-ठिबकवून केलेली पोलॉकची चित्रं पहिल्यांदा इथे लागली. (त्याच वसंतात जवळच्याच चार्ल्स ईगनच्या गॅलरीत डी कूनिंगचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, वयाच्या ४४ व्या वर्षी.) १९५० च्या प्रदर्शनात पोलॉकचं ‘ऑटम ऱ्हिदम’ होतं, सतरा फुटांहून लांब. एवढ्याशा खोलीत ते लावल्यावर मागे सरायला जागाच उरत नव्हती. नजर फिरवावी तिकडे रंगाचं जाळं.

न्यूमनने तर इथल्याच १९५१ च्या प्रदर्शनासाठी टाइप केलेली सूचनाच तयार केली. मोठी चित्रं लांबून पाहायची लोकांना सवय असते, पण ही चित्रं जवळून पाहण्यासाठी आहेत, अशा अर्थाची. समोर सुमारे अठरा फुटांचं लालभडक चित्र आणि त्यात मोजक्याच उभ्या रेषा. प्रतिसाद इतका थंड होता की पुढे १९५९ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये त्याचं एकल प्रदर्शन झालं नाही.

पार्सन्सच्या आठवणीप्रमाणे पोलॉक, रोथको, न्यूमन आणि क्लिफर्ड स्टिल यांनी तिला सांगितलं, बाकीचे चित्रकार सोड, फक्त आमच्याकडे लक्ष दे. तिने नकार दिला. तिच्या यादीत अनेक स्त्रिया होत्या, नवखे होते, त्यांना ती सोडणार नव्हती. पोलॉक आणि पुढे रोथकोही त्याच इमारतीत गॅलरी चालवणाऱ्या सिडनी जॅनिसकडे गेले. जॅनिसला विकण्याची कला अवगत होती. पार्सन्सने विश्वास टाकला होता तो त्यांना कोणी विचारत नसताना, हे विसरू नये.

मे १९५० मध्ये १८ चित्रकारांनी मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या निवड-मंडळांविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं. नंतर ‘लाइफ’ साप्ताहिकात छापलेल्या त्यांच्यातल्या पंधराजणांच्या छायाचित्रात बाई एकच, हेडा स्टर्न. पुढच्या मे महिन्यात ६० ईस्ट नाइन्थ स्ट्रीटवरच्या, पाडायला काढलेल्या इमारतीत चित्रकारांनी स्वतःच प्रदर्शन मांडलं. चित्रं टांगण्याचं काम लिओ कॅस्टेली या कलाविक्रेत्याकडे होतं. जागेवरून कुरकुर झाली की काढायची आणि पुन्हा टांगायची. ली क्रॅस्नर, जोन मिचेल, हेलन फ्रँकेन्थेलर, ग्रेस हार्टिगन, इलेन डी कूनिंग यांची चित्रंही तिथे होती.

पुढचं झपाट्याने घडलं. पोलॉक १९५६ मध्ये मोटार अपघातात गेला. ज्या मेट्रोपॉलिटनविरुद्ध पत्र लिहिलं होतं, त्यानेच १९५७ मध्ये ‘ऑटम ऱ्हिदम’ ३०,००० डॉलरला घेतलं. १९५८-५९ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने सतरा चित्रकारांचं प्रदर्शन युरोपच्या आठ शहरांत फिरवलं. १९६७ मध्ये याच संग्रहालयाने ‘टू डिकेड्स ऑफ अमेरिकन पेंटिंग’ दिल्लीला आणलं, आणि क्लेमेंट ग्रीनबर्ग हा समीक्षकही त्यासोबत भारतात आला.

त्याच्या आधीच आपला एक चित्रकार तिकडे जाऊन आला होता. नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याचे, जे. जे. मध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले आणि रोथकोच्या स्टुडिओतही जाऊन आले. अमूर्ताची वाट त्यांनी त्याआधीच धरली होती, हे लक्षात ठेवलं पाहिजे. रोथकोमुळे ते घडले असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलंही त्यांना रुचत नसे. ते त्यांना ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. २०१४ मध्ये, त्यांच्या पश्चात, न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं. पोलॉक १९४३ मध्ये जिथे नोकरी करत होता, ती हीच संस्था. तेव्हा तिच्या नावातच ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ होतं.